नदी यायच्या दिवसांत

आमच्या गावाला पावसाआधी नदी येते. पुण्यात हे कुणाला सांगितलं की तो मला दुरुस्त करायला बघतो. नदी कशी येईल, नदीला पाणी येतं असं म्हणायचंय ना तुम्हाला? नाही, मला तसं म्हणायचं नसतं. आषाढात कुंभकोणमचं आभाळ कोरडं ठणठणीत असतं, ऊन वैशाखासारखं, आणि कावेरीच्या पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू. बकऱ्या त्यातून आडव्या चालत जातात. आमचा खरा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा. पण तिकडे दूर, कोडगूच्या डोंगरांत धो धो पडलेलं असतं, धरण भरलेलं असतं, दरवाजे उघडतात आणि एके दिवशी त्या वाळूवरून, माणसाच्या चालीने, नदी चालत येते. तिच्यापुढे वाळू असते आणि तिच्यामागे नदी.

यंदा दरवाजे उघडल्याची बातमी फोनवर आली तेव्हा मी मेथी निवडत होते. बाहेर पुण्याचा पाऊस लागून राहिलेला. जुडी हातात तशीच राहिली. नवऱ्याला हाक मारून सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं, शेतीला पाणी मिळेल. त्याचं काही चुकलं नाही. पण मला कोणीतरी, आता कोठवर आली असेल गं, असं पुसणारं हवं होतं. विचारणारं नव्हे, पुसणारं. हा आमच्या घरातला शब्द. वडील गेल्यापासून तो बोलायला माणूस उरलेलं नाही.

आम्ही तंजावरचे मराठी. घराण्यातला कोणी एक जण कधीकाळी दरबारात चाकरीला आला आणि तिकडेच राहिला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अशा किती पिढ्या गेल्या कोण जाणे. मी लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा माझी मराठी ऐकून सासरची माणसं आधी हसली आणि मग कौतुकाने पाहुण्यांसमोर मला बोलायला लावू लागली. हसणं परवडलं असतं, ते कौतुक नको झालं. म्हणून मी चटकन इथली भाषा शिकले. आता हे लिहिते आहे ते इथल्याच मराठीत, आणि आठवणी सगळ्या तिकडच्या मराठीत येतात. मधे उभं राहून एकेक वाक्य इकडे आणून ठेवावं लागतं.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते गावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. वर्षानुवर्षं त्यांच्या वाट्याला एक विषय ठरलेला होता, अमेरिकेतल्या त्या जुन्या निसर्गचिंतकांचा. ही माणसं थंडीबर्फाच्या प्रदेशातली. देवळात शिरण्याऐवजी रानात शिरणारी. झाड, तळं, आभाळ आणि पाहणारा मी यांत एकच आत्मा वाहतो आहे, असं म्हणणारी. पाठ्यपुस्तकांत त्यांना अतींद्रियवादी म्हणतात. अप्पांचा या शब्दावर फार राग. इंद्रियांच्या पलीकडे कसले, म्हणायचे, ती माणसं तर डोळे-कान सताड उघडे टाकून हिंडत होती, त्यांच्याइतकी इंद्रियं वापरतो कोण?

आपला वेदान्त या लोकांनी भाषांतरांतून वाचला होता. जहाजातून पेट्या भरून पुस्तकं तिकडे गेली आणि त्यांना त्यांत आपल्याच मनातलं काही सापडलं, याचं अप्पांना कोण अप्रूप. पण त्याचा अभिमान मिरवलेला त्यांना खपायचा नाही. बघा, सगळं आमच्याकडूनच गेलं, असं कोणी वर्गात म्हणालं की ते विचारायचे, आणि तू ते केव्हा वाचलंस? पुढे मी तत्त्वज्ञान घेतलं, पुण्यात तेच शिकवू लागले, आणि आम्हा दोघांच्या भांडणाला कायमची सोय झाली. मी म्हणायचे, त्यांचा निसर्ग हा ईश्वराची खूण आहे, आपल्याकडे तो शेवटी माया ठरतो, दोन्ही एका मापाने मोजू नका. अप्पा म्हणायचे, आधी जेवून घे.

खरं तर त्यांचं उत्तर वर्गात नव्हतंच, नदीच्या वाळवंटात होतं. नदी येणार अशी खबर लागली की ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन घाटावर जायचे आणि पायऱ्यांवर बसवून ठेवायचे. बोलायचं नाही, एवढीच अट. मी शाळकरी असताना मलाही नेत. आधी दिसतात ते पक्षी. कावळे, साळुंक्या, बगळे वाळूवरून आपल्याच दिशेने लगबगीने चालत येतात, कारण पाण्याला भिऊन वाळूतले किडे वर येत असतात आणि ही मंडळी ते टिपत पुढे सरकत असतात. मग वास येतो. तापल्या वाळूवर पाणी पडल्याचा, थोडा भाजल्यासारखा, थोडा गोड. मग आवाज, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. आणि सगळ्यांत शेवटी ती. भव्य वगैरे काही नाही. पिवळट फेसाची एक ओळ, त्यात काड्या, कडुनिंबाची पानं, कुणाची तरी एकच चप्पल. वाळू तिला पीत असते आणि ती तरीही पुढे येत असते.

त्या वेळी अप्पा उठायचे. वाकून पाण्याला आधी हात लावायचा, तो डोळ्यांना लावायचा, आणि मगच पाऊल. पहिल्यांदा पाय लावला तर तिचा अपमान. मग तिच्या पुढच्या कडेबरोबर काठाने चालत निघायचे, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर, मुलं मागे. गाव संपेपर्यंत तिच्या बरोबरीने चालायचं आणि तिथून तिला पुढे जाऊ द्यायचं. एका मुलाने एकदा विचारलं होतं म्हणे, सर, याच्यावर परीक्षेत काय लिहायचं? अप्पांनी सांगितलं, लिहायचं काही नाही, पण धोतर ओलं झालं असेल तर पेपरात ते दिसतं.

मला आज वाटतं, त्या परदेशी चिंतकांत आणि आमच्या घाटात खरा फरक इथेच होता. ते निसर्गाकडे एकटे जायचे. एकांत मिळाला, माणसं मागे पडली, की त्यांना त्याचं बोलणं ऐकू यायचं. आमच्याकडे नदीवर एकटं कोणी जातच नाही. ती काही गुरू नव्हे की देऊळ नव्हे, ती नात्यातली बाई आहे. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, ती दोन जिवांची असते. महिन्याच्या अठराव्या दिवशी गावातल्या बायका डबे भरभरून तिचे डोहाळे पुरवायला जातात. चिंचेचा भात, लिंबाचा भात, खोबऱ्याचा भात, दहीभात. ताडाच्या पानाची कर्णफुलं आणि काळे मणी तिच्यात सोडायचे, हळदीचा दोरा एकमेकींच्या गळ्यात बांधायचा, आणि मग सगळ्यांनी पायऱ्यांवर बसून केळीच्या पानांवर जेवायचं. पोरं लाकडाचे छोटे रथ दोरीने ओढत घाटभर फिरत असतात. माझी अम्मा चिंचेच्या भाताला शेंगदाण्याऐवजी हरभऱ्याची डाळ घालायची, कारण कावेरीला तीच आवडते. कुणी सांगितलं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, मला दिवस गेले होते तेव्हा मलाही तीच आवडायची.

अप्पा हे सगळं मनापासून खायचे. एकदा मी त्यांना छेडलं, की तुमच्या अद्वैतात नदीला डोहाळे कुठून आले? ते पान चाटूनपुसून म्हणाले, अद्वैत खरंच आहे, पण डोहाळे पुरवायला दोघं लागतात.

रोजच्या आंघोळीचीही एक गंमत होती. तांब्यात पाणी घेऊन साऱ्या नद्यांना त्यात बोलवायचं, आणि मग आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते देवाला सांगायचं. कावेरी आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. पण अप्पा, त्यांचे वडील, त्यांचेही वडील सांगायचे ते असं, की आम्ही गोदावरीच्या दक्षिण तीरावर उभे आहोत. यांतल्या एकानेही गोदावरी पाहिलेली नव्हती. पहिला जो आला तो सवयीने तसं म्हणून गेला असणार आणि नंतर बदलायचं कुणाच्या जिवावर आलं. शेजारच्या पद्मा मामी, तमिळ बाई, जिभेने तिखट, भिंतीपलीकडून ऐकायच्या आणि म्हणायच्या की तुमच्या देवाला तुमचा पत्ताच ठाऊक नाही, तरी बरं चाललंय तुमचं. अप्पा शांतपणे सांगायचे की यात चूक काही नाही, गोदावरीपासून थेट समुद्रापर्यंत सगळा दक्षिण तीरच.

आणि हेच अप्पा पुण्यात राहायला आल्यावर, जिथून गोदावरी खरोखरच पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ, फ्लॅटच्या न्हाणीघरात बादलीसमोर उभे राहून कावेरीच्या दक्षिण तीरी म्हणू लागले. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. ऐकलं आणि टॉवेल कडीला अडकवून स्वयंपाकघरात निघून आले.

त्यांना पुण्याला आणलं तो मोसम मला आज दिवसभर आठवतो आहे. अम्मा जाऊन काही वर्षं झाली होती. अप्पा एकटेच राहायचे. त्या उन्हाळ्यात ते न्हाणीघरात पडले आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. पद्मा मामींना तांब्याचा आवाज आला नाही म्हणून त्या बघायला आल्या, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही. हाड जुळलं, पण काठी आली. आता एकटं राहणं नाही, हे त्यांनाही कळत होतं. घर भाड्याने द्यायचं, पुण्याला यायचं, सगळं त्यांनी मान्य केलं. परत यायचं नाही हेही न बोलता ठरलेलं. त्यांची अट एकच होती.

"पाणी येऊं दे. मग येतों मी."

मी रजा टाकून गेले. वाटलं, आठ-दहा दिवसांचा प्रश्न. पण त्या वर्षी धरणच भरेना. आषाढ सरत आला तरी पात्र कोरडंच. तिरुनीलक्कुडीकडची शेतं नांगरून तशीच पडलेली, लोक बोअरच्या पाण्यावर रोपं जगवत होते. सकाळी कॉफी झाली की अप्पा काठी टेकत घाटावर जायचे, मी छत्री धरून बाजूला. ते सगळ्यांत वरच्या पायरीवर बैसायचे आणि पश्चिमेकडे पाहत राहायचे. वाळूत पोरांनी विटांचे स्टंप मांडलेले. कुणीतरी सायकलवरून पात्रातून थेट पलीकडे जायचं. ऊन चढलं की आम्ही परत यायचो. संध्याकाळी पुन्हा.

शेवटी दरवाजे उघडले. पण पाणी निघालं म्हणजे पोचलं असं होत नाही. वाटेत वाळू पिते, कालवे ओढून घेतात, कल्लणैच्या बांधावर नदीच्या कुठल्या फाट्याला आधी सोडायचं ते ठरतं. रोज कोणी ना कोणी शपथेवर सांगायचं, उद्या नक्की. दारासुरमहून येणारा दूधवाला सांगायचा, बसचा कंडक्टर सांगायचा. आडीचा अठरावा दिवस कोरड्या नदीतच उजाडला. नगरपालिकेने घाटाखाली नळ्या उभ्या करून बोअरच्या पाण्याचे फवारे सोडले होते. बायका बिचाऱ्या त्याखाली डोकं भिजवून घेत होत्या, फवाऱ्याच्या नळीलाच हळदकुंकू लावत होत्या. पद्मा मामींनी चिंचेचा भात आणला होता. अप्पांनी तो खाल्ला, पण फवाऱ्याखाली काही गेले नाहीत. डोहाळजेवण झालं आणि डोहाळकरीणच आली नाही, असं म्हणून हसले.

माझी रजा संपत आली होती. तिकीट दोनदा पुढे ढकललं होतं. कॉलेज सुरू झालेलं, आता तिसऱ्यांदा सांगायची सोय नव्हती. एका संध्याकाळी पायऱ्या अजून तापलेल्या असताना मी माझ्या परीने शहाणपण केलं. म्हटलं, अप्पा, समस्त पाणी एकच, म्हणून तुम्हीच शिकवलं की मज. कोण्या तळ्यात पाहिलं तरी तेच आभाळ. पुण्यांतही नदी आहे. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग अजिबात नव्हता, वर्गात समजावायचे तसंच बोलले.

"मज एकच लेक तूं. समस्त जगाच्या लेकी एकच आहेत, म्हणून मी म्हटलं तर चालेल तुज?"

मी इतकी वर्षं हा विषय शिकवते आहे. एकत्व, अनेकत्व, नामरूपाचा पडदा, त्यापलीकडचं तत्त्व, सगळं फळ्यावर मांडता येतं मला. त्या चिंतकांची वाक्यं आणि आपली सूत्रं शेजारी शेजारी ठेवून मुलांना चकित करता येतं. पण दोन्हीकडच्या विचारात मला एक जागा रिकामी दिसते, ती निरोपाची. जे सगळीकडे आहे त्याचा निरोप घेणार कसा, असं म्हणून दोघेही पुढे जातात. आणि माणूस तर याच घाटावरून, याच पायरीवरून उठणार असतो. आपल्याला जे हवंसं वाटतं ते नेहमी नाव असलेलं असतं. मला आज पाणी नको आहे, कावेरी हवी आहे. आणि खरं सांगायचं तर कावेरीही नको, तिच्याकडे पाहत बसलेले अप्पा हवे आहेत. पाण्यात, झाडात, आभाळात ते आता मिसळून गेले असतील असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटतं, पण पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनीच ट्रंक ओढून बाहेर काढली. मी काही म्हणायच्या आत म्हणाले की तुझीही मुलं वर्गात वाट बघत असतील, चल. पाण्याचं नाव काढलं नाही. आदल्या रात्री कल्लणैहून आमच्या फाट्याला पाणी सोडल्याचं पेपरात आलं होतं, पण असं याआधीही आलं होतं आणि खोटं ठरलं होतं. विमान त्रिचीहून दुपारचं. पद्मा मामी गाडीपाशी आल्या. अप्पांच्या हातात त्यांनी केळीच्या पानात बांधलेला दहीभात दिला. घराला कुलूप मी लावलं. अप्पांनी मागे पाहिलं नाही, चष्मा पुसत बसले.

निघताना त्यांनी ड्रायव्हरला तंजावरवरून जाणारा मोठा रस्ता सोडून कावेरीच्या काठाकाठाचा रस्ता घ्यायला सांगितलं. वेळ लागेल म्हणून मी कुरकुरले. मला वाटलं, त्यांना शेवटचं ते पात्र डोळे भरून पाहायचं असेल. स्वामिमलै गेलं, केळीच्या बागा लागल्या, नारळ लागले. उजव्या हाताला वाळू चाललेलीच होती, पांढरी, डोळ्यांना लागणारी. अप्पा काचेला कपाळ टेकून बसलेले. मी फोनवर विमानाची वेळ पुन्हा पुन्हा बघत होते.

कपिस्थलम मागे पडलं आणि थोड्या वेळाने त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी थांबली. मला आधी काहीच दिसलं नाही. मग लांबवर वाळूवर कावळे दिसले. त्यांच्यामागे साळुंक्या, बगळे, सगळे आमच्याकडे चालत येणारे. तेव्हा मला कळलं, की या रस्त्याने अप्पा नदीचा निरोप घ्यायला निघाले नव्हते. ती येते आहे आणि आपण जातो आहोत तर वाटेत कुठेतरी गाठ पडेल, एवढा साधा हिशेब त्यांनी केला होता.

उतारावरून त्यांना खाली नेताना माझा जीव टांगणीला लागला होता. एका हाताने काठी, दुसऱ्याने माझा खांदा. आम्ही वाळूच्या कडेला पोचलो आणि तो पाखडल्यासारखा आवाज कानावर आला. मग फेसाची ओळ, काड्या, पानं. ती आली तशी सरळ आमच्यासमोर आली. अप्पा मोठ्या कष्टाने वाकले, हात ओला केला, डोळ्यांना लावला. पाऊल मात्र टाकलं नाही. मी वाट बघत होते, की आता दोन पावलं तरी हे तिच्याबरोबर चालतील. पण तिची वाट कुंभकोणमकडे होती आणि आमची उलटी, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. आपल्याकडे यायला निघालेला पाहुणा वाटेतच भेटावा आणि नेमकं आपणच घराबाहेर पडलेलो असावं, तेव्हा माणूस जसा ओशाळतो तसे ते तिच्यासमोर उभे होते. मग आमच्या घरच्या मराठीत, जराही आवाज न चढवता, तिला म्हणाले,

"घरीं कोणी नाहीं आतां. तरी तूं जा."

वर येऊन ते गाडीत बसले. पावलं कोरडीच होती. ड्रायव्हरला तमिळमध्ये निघू या म्हणाले. गाडी रस्त्याला लागली तेव्हा मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. पाणी वळणापलीकडे, आमच्या घराच्या दिशेने, बरंच पुढे गेलं होतं.